दुसरा डोस

३ फेब्रुवारी

पोलीसीण मेली! सकाळी खुराड्याचं दार उघडलं तर कोपऱ्यात आडवी. उचलली तर हातात नुसती पिसं. छातीचं हाड सुरीसारखं बोटांना लागलं. आणि खात तर होती! सगळ्यांच्या आधी धावायची, बाकीच्यांना टोचून हाकलायची, म्हणून तर नाव पोलीसीण. मग ते खाल्लेलं गेलं कुठे?

उरलेल्या आठांची लक्षणं तीच. तुरे पांढुरके, शीट पातळ, पंख लोंबलेले.

सासूबाई म्हणाल्या, "हवा बदलली की होतं. लसूण ठेचून घालते." महिनाभर लसूणच चाललाय.  कोंबड्या माझ्या नवऱ्याच्या — म्हणजे आता त्याच्या आईच्या. तो जाऊन दीड वर्ष झालं. या घरात माझं काय आहे, ते मलाही नीट सांगता येत नाही.

दुपारी मोठ्या बाईंचा फोन. पूर्वी त्यांच्याच हाताखाली चष्म्याच्या काचा घासायला शिकले; इथल्या दुकानात अजून तेच काम करते. आता त्यांनी दुसऱ्या गावात दुकान काढलंय. "तुझ्यासारखा हात मिळत नाही गं. दुकानाच्या वर राहायला खोली आहे. पण लवकर सांग, नाहीतर मला दुसरी बघावी लागेल."

मागच्या जिन्यावर जाऊन बोलले, तेही दबक्या आवाजात, चोरी केल्यासारखी. घरी एक अक्षर नाही. सांगू तरी कसं? आणि सांगू कुणाला — ज्यांना माझ्याशिवाय कुणी नाही, त्यांनाच?

४ फेब्रुवारी

मेलेली पोलीसीण पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्यांनी माझ्यासमोरच फाडली. आतडं म्हणजे दोऱ्याची गुंडी! पांढरे, लांब, काही अजून वळवळणारे. 

"खात ही होती, पोसले हे जात होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळ्यांना औषध द्या. धडधाकट दिसते तिलाही. अंगणातल्या मातीत जंतांची अंडी असणार, ती पुन्हा पोटात जातील. म्हणून पंधरवड्यानं दुसरा डोस. तो चुकवलात तर पहिला फुकट!" मी सांगेपर्यंत कोंबड्यांची अंडी कुणी खायची नाहीत, असंही बजावलं.

मी निघाले तेव्हा हात धूत म्हणाल्या, "जंत फार असले की मेलेले जंत आतडं तुंबवतात. एखादी दगावेल. आधीच सांगून ठेवते."

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. हे शेवटचं सोडून.

५ फेब्रुवारी

दिलं औषध. सासूबाईंनी धरायचं, मी ड्रॉपरनं चोचीच्या कडेनं थेंब सोडायचे. दीड वर्षात इतक्या जवळ बसलो नव्हतो. कोपराला कोपर.

"घट्ट धरा! मान सरळ — श्वासात जाईल!" मी त्यांच्यावर ओरडले! त्यांनी मान सरळ धरली.

ठुमकीनं मान झटकली, औषध थेट माझ्या नाकावर. सासूबाई हसल्या. खरंच हसल्या.

६ फेब्रुवारी

ठुमकी गेली.

सासूबाई तिला मांडीवर घेऊन मागच्या पायरीवर बसलेल्या. "तुझ्या औषधानं मारली."

मग सांगावंच लागलं, की असं होऊ शकतं हे डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या.

"मग मला का नाही बोललीस?"

बोलले असते तर औषध देऊच दिलं नसतं त्यांनी.

"माझ्या लेकानं मुठीएवढी होती तेव्हापासून वाढवली हिला. तुला काय त्याचं! तू आज आहेस —"

थांबल्या. पुढचं गिळलं. आज आहेस आणि... काय? काही कानावर गेलंय का?

खुराड्याला कुलूप लागलं. किल्ली त्यांच्या कमरेला.

७ फेब्रुवारी

बोलणं बंद. भांडी तेवढी बोलताहेत, तीही तावातावानं.

११ फेब्रुवारी

अंगणातला मातीचा वरचा थर खरवडायला घेतला. कंबरेचे तुकडे पडले. सासूबाई खिडकीतून बघत होत्या. थोड्या वेळानं आल्या, कुलूप काढलं, आतला भुसा ओढून बाहेर टाकला, नवा पसरला. पुन्हा कुलूप. 

१६ फेब्रुवारी

मोठ्या बाई — "अगं, अजून किती वाट बघू?"

"दुसरा डोस व्हायचाय," म्हटलं. त्या खो खो हसल्या. मला नाही हसू आलं.

१९ फेब्रुवारी

सकाळी ड्रॉपर घेऊन खुराड्यासमोर उभी राहिले. सासूबाई आल्या.

"आज आणखी कुणाचा नंबर?"

"माहीत नाही." खरंच नव्हतं माहीत. खोटा धीर दिला नाही. "सगळ्या जगतीलही. एखादी जाईलही. नाही दिलं तर मात्र एकेक करून सगळ्या जातील."

 त्यांनी कमरेची किल्ली काढली.

"तू धर. मी देते."

"तुम्ही कशाला, आई?"

"गेली तर माझ्या हातून जाऊ दे. तुझ्या माथी नको आणखी काही."

साती जणींना त्यांनीच दिलं. एक थेंब सांडला नाही. 

२० फेब्रुवारी

साती जिवंत!!

६ मार्च

तुरे लालभडक. काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंडी खायला हरकत नाही. सासूबाईंनी पहिलं उकडलेलं सोलून माझ्या ताटात ठेवलं. आज बोलायचंच, असं ठरवून बसले होते. शब्द ओठांवर आले होते. अंड्याबरोबर गिळले. भित्री कुठली! मोठ्या बाईंना उद्या नाही म्हणून कळवते.

७ मार्च

फोन केलाच नाही. करायच्या आधीच — दुकानातून आले तर खुराडं सताड उघडं, आत एकही नाही! माझा जीवच उडाला. सासूबाई शांतपणे पायरीवर.

"दूधवालीला दिल्या. चांगल्या ठणठणीत करून दिल्या, कुणाच्या घरी दुखणं नाही पाठवलं." मग पदर सारखा करत, माझ्याकडे न बघता — "तुझ्या मोठ्या बाईंनी मागेच इथं घरी फोन केला होता, खोलीचंही बोलल्या. त्या वरच्या खोलीत दोघी मावू ना गं आपण?"