परतीच्या गाडीतला डबा

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक,
येल्लागट्टू पोलीस ठाणे, हैदराबाद.

अर्जदार: विठाबाई सूर्यभान सोनकांबळे, रा. विद्यानगर, हैदराबाद.

विषय: मुलाच्या गाडीत सापडलेल्या डब्याचा तपास झाल्याशिवाय अपघाताचे प्रकरण बंद न करणेबाबत.
संदर्भ: दि. ५ जानेवारी रोजी आपल्या ठाण्यात मिळालेली तोंडी समज.

महोदय,

रविवार, दि. ९ नोव्हेंबर २०२५, दुपारी सव्वातीन. देगलूरच्या रस्त्याने हैदराबादकडे येणारी एक पांढरी गाडी उभ्या लॉरीवर मागून आदळली. गाडीतली तिघेही जागीच गेली: अर्जदाराचा मुलगा धम्मदीप, सून स्वप्ना आणि नऊ वर्षांची नात प्रियदर्शिनी.

ही तिघे त्याच सकाळी देगलूरला, स्वप्नाच्या भावाच्या बाळाच्या नामकरणाला निघाली होती. बाळासाठी चांदीच्या वाळ्यांची जोडी सोबत होती. देगलूरला ती पोहोचलीच नाहीत. मग गाडीचे तोंड हैदराबादकडे कसे?

धम्मदीपला डुलकी लागली, सबब दोष त्याचाच, असे आपल्या अहवालात आहे. त्याच्या ऑफिसातले म्हणतात, फोनवर बोलत असेल. शेजारच्या सुशीलाबाईंचे म्हणणे, "नवराबायकोचं काहीतरी वाजलं असणार. त्याशिवाय अर्ध्या वाटेतून कोण माघारी फिरतं?" अर्जदाराने सगळ्यांचे ऐकून घेतले. पण वाजले असते तर पोरीच्या आवाजात कळले असते. साडेनऊला तिचा फोन आला होता: "आजी, तुझे धपाटे खतम! पप्पानेच जास्ती खाल्ले. डब्बा अब्बीच रिकामा!" मागे स्वप्ना हसत होती.

तोच डबा आपल्या ठाण्यातून परत मिळाला तेव्हा रिकामा नव्हता. गळ्यापर्यंत नवे तांदूळ होते, वर गुळाचा खडा. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही घरोघरच्या बायकांची रीत आहे. हॉटेलवाले असे करत नाहीत. शिवाय डबा घासलेला होता, तोही राखेने. झाकणाच्या खाचेत ती राख अजून आहे. म्हणजे चूल पेटणाऱ्या कुठल्या तरी घरी ही तिघे थांबली आणि तिथल्या बाईने डबा घासून, भरून हातात दिला. ही तिघे माघारी का फिरली हे त्या बाईला ठाऊक असणार. धम्मदीपच्या डोळ्यांवर झोप होती की नव्हती, हेही तिनेच पाहिले असणार. मंडळी सुखरूप घरी पोहोचली, असे तिला अजून वाटत असेल.

हे सांगितल्यावर आपले हवालदार म्हणाले, "अम्मा, डब्बा लेके घर जाओ, केस खतम है." अर्जदार डबा घेऊन घरी आली. केस घरी आली नाही.

तरी विनंती की, साडेनऊनंतर गाडी कुठे कुठे होती ते धम्मदीपच्या फोनवरून काढावे. ते होत नसल्यास रस्त्यालगतच्या गावांत माणूस पाठवावा. तेही होत नसल्यास ठाण्याच्या शिक्क्याचे एक पत्र द्यावे, म्हणजे लोक हाकलणार नाहीत. अर्जदार स्वतः डबा घेऊन दारोदार फिरेल. गुडघे दुखतात, पण वाटेत बसत बसत जाता येईल. जिने तो भरला ती बघताक्षणी ओळखेल. तोवर मेलेल्या मुलाच्या नावावर दोष लिहून कागद मिटू नयेत.

ते तांदूळ अर्जदाराने शिजवलेले नाहीत.

सविनय जयभीम.

आपल्या पत्राची वाट पाहणारी,
विठाबाई सूर्यभान सोनकांबळे
(अंगठा)
दि. १२ जानेवारी २०२६

सोबत: अर्जाचे तेलुगू भाषांतर, डब्याचा फोटो. डबा जोडलेला नाही, तो अर्जदाराकडेच राहील.

ता. क.: कीड लागू नये म्हणून आज सकाळी तांदूळ परातीत ओतले. तळाशी चांदीचा एक वाळा निघाला. दुसरा वाळा गाडीत, दवाखान्यात किंवा आपल्या ठाण्यात, कुठेही सापडलेला नाही. म्हणजे तो त्या बाईच्या घरी, एखाद्या बाळाच्या पायात असणार.