डॉटला दिलेला नंबर

टेमोरा
रविवार, ६ ऑक्टोबर

प्रिय नोला,

तुझा गुडघा कसा आहे? परसातलं लिंबाचं झाड यंदा धरलं का? मी बरी आहे, आणि हे अगदी खरं लिहितेय. दोन वर्षांनी माझं पत्र बघून घाबरू नकोस. मंगळवारी तुला त्या पबमधून फोन गेला, त्याची हकिगत तुला माझ्याकडूनच कळायला हवी.

माझ्या नवऱ्याची, रेची, मोटरसायकल मी विकलेली नाही. त्याच्या अंत्यविधीनंतर चहाच्या वेळी तू चारचौघांत म्हणालीस, "आता ते धूड आधी विकून टाक," आणि मी तुला दार दाखवलं. रे कॅन्सरने गेला, गाडीने नव्हे. असो, ते भांडण पुन्हा उकरत नाही. तीस वर्षं मी त्याच्या मागे बसून फिरले. लायसन्स गेल्या वर्षी काढलं, पण गावाबाहेर जायची हिंमत होत नव्हती. शेवटी ठरवलं, एक दिवस एकटीने लांब जाऊन बघायचं. नाही जमलं तर आपणहून विकायची.

मंगळवारी सकाळी लवकर निघाले. मॅगपाय पक्ष्यांच्या विणीचे दिवस, डोक्यावर झडप घालतात, म्हणून हेल्मेटवर प्लॅस्टिकचे पट्टे उभे बांधले होते. वेस्ट वायलाँगच्या बेकरीत सॉसेज रोल खाल्ला. पुढे दोन्ही बाजूंना गहूच गहू. समोरून येणारे शेतकरी स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचे, मी मान हलवायची. तीन डबे जोडलेला पहिला ट्रक अगदी जवळून गेला तेव्हा जीव मुठीत धरला होता. तिसरा आला तेव्हा मी शीळ वाजवत होते.

दुपारी बरंगाच्या पबमध्ये जेवायला थांबले. मालकीण डॉट, साठीची, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा आवाज.

"हे साळिंदर कुठून आलं?" माझं हेल्मेट बघून तिने विचारलं.

"टेमोराहून. हिल्स्टनला चाललेय."

"एकटी? मग पोचलीस की इथे फोन कर. वाटेत मोबाइल लागत नाही. नाही केलास तर आम्ही शोधायला निघतो, मग बोलणी खायची तयारी ठेव. आणि घरच्या कुणाचा तरी नंबर दे."

खरं तर ब्रेटचा द्यायला हवा होता. पण माझा लेक त्याच रात्री येऊन गाडीची किल्ली काढून नेईल, हे मला माहीत होतं. मी तुझा दिला.

पुढे लाखलन नदी दिसली. थर्मासमध्ये चहा उरला होता. गाडी उतारावरून खाली नेली, एका मोठ्या निलगिरीच्या झाडाखाली बसले, जॅकेट उशाला घेतलं. पाच मिनिटं पाठ टेकावी म्हटलं.

नोला, रे गेल्यापासून मी गोळीशिवाय झोपले नव्हते. कुणाला सांगितलं नव्हतं. ब्रेटला नाही, डॉक्टरलाही अर्धंच.

जाग आली ती एक कुत्रा तोंड चाटत होता म्हणून. मागे टोपीवाला शेतकरी, क्लाइव्ह. ऊन पार कललं होतं.

"ए बाई, जिवंत आहेस ना?"

"झोपले होते," मी म्हटलं.

"झोपली होती म्हणे. आगीचा बंब निघालाय तुझ्यासाठी. माझी बायको पुलाखाली बॅटरी मारत फिरतेय."

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. परत जाताना तो आपली गाडी पुढे घालून हळू चालला. "कांगारू बाहेर पडायची वेळ झाली. धडकायचंच असेल तर मला धडकू दे, माझ्या गाडीला पुढे लोखंडी कठडा आहे," म्हणाला.

पबमध्ये अर्धं गाव जमलं होतं. डॉटने मला आधी मिठी मारली आणि मग यथेच्छ झापलं. रिवाजाप्रमाणे सगळ्यांना बिअर माझ्याकडून झाली. मी क्लाइव्हला विचारलं, गाडी रस्त्यावरून दिसत नव्हती, मग सापडले कशी?

उत्तर डॉटने दिलं. "तुझ्या बहिणीने सांगितलं. आम्ही खड्डे आणि वळणं बघत होतो. ती म्हणाली, तिथे नका बघू. पाणी आणि सावली एकत्र असेल तिथे बघा, झोपली असेल."

मी उठून बाहेर व्हरांड्यात गेले. लहानपणी बाबा लोकर कातरायच्या शेडमध्ये असायचे आणि मी लोकरीच्या ढिगात नाहीतर पाण्याच्या टाकीमागे झोपून जायचे. आई हाका मारून थकली की तुला पाठवायची. तुला मी दरवेळी सापडायचे.

फोनवर तू रडलीस, आणि ते मला सांगू नका असं डॉटला बजावलंस म्हणे. डॉटच्या पोटात काही राहत नाही.

नंबर तुझा का दिला? ब्रेटचं कारण खरंच आहे. पण डॉटने विचारलं तेव्हा विचार करायच्या आधीच तोंडातून तुझा नंबर गेला होता. दोन वर्षांत तो फिरवला नाही, तरी तोच पाठ होता.

गाडी विकत नाही. मंगळवारपासून गोळीही घेतलेली नाही. पुढच्या महिन्यात तुझ्याकडे यायला निघेन म्हणते, गाडीवरूनच. वाटेत कुणी नंबर मागितला तर तुझाच देईन. पोचायला उशीर झाला तर कुठे शोधायचं, ते तुला माहीत आहे.

तुझी, सापडलेली,
ग्लेनिस