बॅरन बेटावरचे बूट

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
कसबा बावडा, ४ फेब्रुवारी

चि. विद्याश्री हिस अव्वाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पार्सल पोचलं. बूट एक जोड, काळ्या वाळूची बाटली एक, अप्पांना टोपी एक. टपालाला तुला दोनशे ऐंशी पडले, तळ बदलायला आकाराम चांभार साडेतीनशे म्हणाला. तरी नव्यापेक्षा स्वस्त, म्हणून मीच बूट इकडं मागवले होते.

आकारामनं बूट उलटे केले आणि बघतच राहिला. म्हणाला, वैनी, ह्यो तळ झिजल्याला न्हाय, वितळलाय. लेक तव्यावर चालती काय? मी हसले. म्हटलं, ती सरकारी ऑफिसात दगडांना चिठ्ठ्या लावते. मग त्यानं खाचेत रुतलेला खडा काढून माझ्या हातावर ठेवला. काळा, जाळीदार, भट्टीतल्या खंगरासारखा. तिथंच पायरीवर बसले.

तू कुठं चालत होतीस? शिवाची शपथ, खरं लिही. फोन नको. अप्पा फोन स्पीकरवर लावतात, आणि त्यांच्या हृदयाच्या ऑपरेशनला अजून तीन महिनेही झालेले नाहीत.

माया आहेच, ती आटवू नकोस.
तुझी अव्वा

पोर्ट ब्लेअर, १३ फेब्रुवारी

ती. अव्वास शि. सा. न. वि. वि.

चिठ्ठ्या लावते हे खरं, पण दगड आणायलाही मीच जाते. इथून बोटीनं रात्रभर गेलं की बॅरन बेट येतं. जिवंत ज्वालामुखी. मी तीनदा गेले.

आपल्या देशाची जमीन इथं समुद्राखाली पूर्वेकडच्या जमिनीच्या पोटात शिरते. शिरताना वरचा गाळ खरवडला जाऊन काठाला साचतो, दुधाच्या भांड्याला साय साचते तसा. मी राहते ते बेट त्यातूनच वर आलं. आणखी खोल गेल्यावर खडक वितळतो आणि वर उसळतो. त्याची बेटं धनुष्यासारखी ओळीनं उभी राहतात. बॅरन त्यातलंच. जुना डोंगर कोसळून मोठी वाटी झालीय, एका बाजूनं फुटलेली. कड्यात लाव्हा आणि राखेचे थर, भाकरीच्या चळतीसारखे. मधे नवा काळा सुळका धुमसतो. आपल्या जोतिबाच्या डोंगराचा दगडही असाच आगीतून आला, पण तो कोट्यवधी वर्षांपूर्वी निवला. इथला अजून गरम आहे. तिथं शेळ्यासुद्धा जगतात, अव्वा.

आणखी एक. अप्पांच्या ऑपरेशनला सुट्टी मिळाली नाही, हे खोटं होतं. त्या दिवशी मी बेटावर होते. निरोप तिसऱ्या दिवशी मिळाला.

मार्चच्या फेरीत साहेबांनी माझं नाव घातलंय. तू नको म्हणालीस तर काढून घेईन.

रागावलीस तरी दूर करू नकोस.
विद्याश्री

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
कसबा बावडा, २२ फेब्रुवारी

चि. विद्याश्रीस आशीर्वाद. वि. वि.

शेळ्यांचं मला सांगू नकोस. शेळीच्या वाटेकडं कुणी आई डोळे लावून बसत नाही.

पत्र वहीत लपवलं होतं, ते अप्पांनी शोधून वाचलं. ऑपरेशनचंसुद्धा. मी गोळ्यांची डबी घेऊन उभी. ते पाणी प्याले आणि म्हणाले, पोर माझ्यावर गेली. मग सांगितलं, की लग्नानंतर सहा वर्षं ते साखर कारखान्यात काट्यावर ऊस मोजत नव्हतेच, बॉयलरपुढं होते. मी रडेन म्हणून काटा सांगितला. सदऱ्याच्या बाह्यांना भोकं पडायची, तर म्हणायचे बिडीची ठिणगी. विद्या, त्यांची बिडी सुटावी म्हणून मी सहा वर्षं सोमवार धरले. त्यांनी जन्मात बिडी ओढलेली नाही!

कालपासून मी दोघांशीही बोलत नाही. हे पत्र म्हणजे बोलणं नव्हे.

नाव काढू नकोस. नको म्हटलं तर तू ऑफिसात बसल्याचं लिहिशील, जाशील ती जाशीलच, आणि मी पुन्हा भलत्याच गोष्टीसाठी उपाशी राहीन. आता उपास करायचा तर खऱ्या भीतीचा करीन. अप्पांची माफी मात्र तू स्वतः माग, वेगळ्या पत्रात.

बोट कुठल्या दिवशी सुटते आणि कुठल्या दिवशी परत लागते, दोन्ही तारखा खऱ्या, उलट टपाली कळव.

अव्वा