बाबांनी खाली ठेवलेला कप

प्रिय वाइल,

मंदीत वकिलाला कुत्रं विचारणार नाही, असं म्हणून तू आपलं ऑफिस माझ्या गळ्यात मारून कॅनडाला गेलास. अम्मानमध्ये उलटंच झालं. दुकानं, कारखाने बंद करायलाही वकील लागतोच! मी आणखी दोघं नेमले.

काल आपले बाबाच अशील म्हणून आले. त्यांनी कॉफीचा कप तोंडाला न लावता खाली ठेवला. पाहुण्याने असं केलं की मागणं ऐकण्याआधीच हो म्हणायचं, ही आपली रीत. मला वाटलं, माझ्या लग्नाचा विषय काढणार. हसत म्हटलं, "प्या बाबा, दिला शब्द!"

त्यांनी एका घोटात कप संपवला.

"आपलं दुकान बंद करून दे. आणि वाइलला कळवू नकोस, सगळं सोडून धावत येईल."

दुकान बंद करून देईन; तुला न कळवणं मात्र जमलं नाही.

शब्दात अडकलेली,
रुबा