तळ्याकाठी बोललेलं, टॉकीजात ऐकलेलं

ब्राह्मणपारा, रायपूर

ती. सौ. इंदूताईस,

धाकट्या रमाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो बसल्या जागेवरूनच घातला आहे, पोचला असं समज.) तुझी शुगर कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला, की अजून पाहुणे दारात दिसले की सुरू होतो? आम्ही सगळे देवाच्या कृपेने बरे आहोत, म्हणजे आज तरी आहोत. फोन सोडून पत्र लिहायला बसले याचं तुला नवल वाटेल. पण फोनवर तू मधेच "तूच काहीतरी बोलली असशील" असं म्हणतेस आणि माझं सांगायचं राहून जातं. पत्रात कुणाला मधे तोंड घालता येत नाही.

तू आणलेलं भिलाईचं स्थळ आमच्या राधिकाला पसंत पडलं, चारुदत्तला राधिका पसंत पडली आणि आता फक्त साखरपुडा उरला, इथपर्यंत तुला ठाऊक आहे. तोच साखरपुडा गेल्या रविवारी मोडायच्या बेताला आला होता, आणि त्याला कारण आमचे हे. (माझंही नाव पुढे येईल, पण सुरुवात यांच्यापासून झाली हे लक्षात ठेवून वाच.)

रेल्वेतून रिटायर झाल्यापासून हे इथल्या मराठी घरांमधून सत्यनारायण सांगतात. अशाच एका पूजेला राकेश नावाचा मुलगा प्रसादाला आला. तो छत्तीसगढी सिनेमे काढतो. यांच्या चेहऱ्याकडे तो शिरा हातात धरून बघतच राहिला आणि म्हणाला, इतका दुःखी चेहरा मी वर्षभर शोधून राहिलोय. (उपासाच्या साबुदाण्याने यांना पित्त झालं होतं, बाकी दुःख काही नव्हतं.) सिनेमाची गोष्ट अशी: गावातला एक म्हातारा पुजारी एका विधवेच्या आजारी लेकराला रोज संध्याकाळी देवाच्या नैवेद्यातला घास नेऊन देतो. तळ्यावर धुणं धुणाऱ्या बाया त्यावरून कुजबुजतात, गाव त्याला वाळीत टाकतं, तो देवाला नमस्कार करून गाव सोडतो, मग सगळ्या गावाचे डोळे उघडतात आणि ओले होतात. यात सगळे रडतात. देवळापुढे बांधलेली शेळीसुद्धा रडते, असं हे मला शपथेवर सांगत होते. तेव्हापासून आमच्या घरात भाजीला मीठ कमी पडलं तरी हे आधी क्षितिजाकडे बघतात आणि मग बोलतात.

बीरगांवच्या पलीकडे एका खेड्यात शूटिंग होतं. यांच्या गोळ्या घेऊन मीही गेले. तळ्याच्या पायऱ्यांवर बसायला बाया कमी पडल्या, तर राकेशने मलाच लुगडं नेसवून बसवलं. म्हणाला, "चाची, बस बतियाते रहिए, कुछ भी. आवाज़ बाद में डालेंगे." शेजारी बसली होती त्या गावचीच अंजनाबाई. फार गुणी बाई. मराठीचा एक शब्द तिला कळत नव्हता आणि माझ्या प्रत्येक वाक्याला ती "हव बाई, हव" म्हणून मान डोलवत होती. ताई, इतकं मन लावून माझं आजवर कुणी ऐकलेलं नाही. शिवाय तुला इथली रीत ठाऊक आहे. गोल बाजारात साडी घेताना दुकानदारासमोर आपण बिनधास्त मराठीत बोलतो की नाही, की रंग जाईल मेल्याचा, अर्ध्यात माग? पोरं तर हल्ली मराठीला हिंदीतूनच उत्तर देतात. तेव्हा परक्यांपुढे मनातलं बोलायला मराठीसारखी सोय नाही, हे आम्हा रायपूरकरांचं आयुष्यभराचं गणित. त्या गणितावर विसंबून मी तळ्याकाठी मन मोकळं केलं. विषय अर्थातच विहीणबाई. भिलाईला घर बघायला गेलो तेव्हा मंदाकिनीबाईंनी पुढे केलेला चिवडा दिवाळीचा होता, सोफ्याचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, मुलगा सोन्यासारखा आहे पण आईने मुठीत ठेवलाय, आणि एकदा लग्न होऊ दे, सहा महिन्यांत राधिका वेगळं बिऱ्हाड थाटते की नाही बघ. अंजनाबाई म्हणाली, हव बाई.

पुढे एक दिवस हे स्टुडिओत स्वतःचा आवाज भरायला गेले आणि खुशीत परत आले. म्हणाले, तुझा सीन ठेवलाय आणि आवाजही तुझाच ठेवलाय, छान आलाय. काय बोलले आहे मी, असं विचारलं, तर ते यांच्या लक्षात नव्हतं. (माझं बोलणं चालू असताना कान मिटायची यांना जुनी सवय आहे.) मला मात्र शब्द न् शब्द आठवत होता. आणि पहिल्या खेळाला यांनी सगळ्या मराठी घरांना आमंत्रण दिलं होतं, आणि सगळ्यात आधी भिलाईला. तशीच राकेशकडे गेले, हात जोडले, तो तुकडा काढ म्हटलं. तो म्हणाला, चाची, तोच तर पिक्चरचा जीव आहे. "समझ में कुछ नहीं आया, पर लगा कि किसी की इज़्ज़त जा रही है." राधिकाला सांगितलं, तर ती आधी हसली, मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आई, आपने मेरी शादी तालाब में डुबो दी." मग मी विहीणबाईंना फोन करून सिनेमा अगदीच टुकार आहे, तुम्ही कशाला त्रास घेता, म्हणून सुचवून पाहिलं. त्या म्हणाल्या, व्याह्यांचं काम आहे, टुकार असलं तरी येऊ.

आल्या, आणि नेमक्या माझ्या शेजारी बसल्या. यांच्यासाठी शाल आणली होती, माझ्यासाठी गजरा. ताई, तो गजरा डोक्यात माळून मी ते तळं यायची वाट बघत बसले होते, माझी काय गत झाली असेल सांग. तळं आलं. पडद्यावर माझं तोंड उघडलं आणि इकडे मी मांडीवरचा चकल्यांचा स्टीलचा डबा सोडून दिला. तो असा काही घरंगळत गेला की सगळं टॉकीज खाली बघायला लागलं आणि माझा संवाद त्या खणखणाटात बुडाला. मी देवाचे आभार मानले. पण दुःखाचे सिनेमे कसे असतात हे मी विसरले होते. शेवटी पुजारी गाव सोडून निघतो, पाठमोरा, खांद्यावर पंचा, आणि त्याला मागचं सगळं आठवायला लागतं. त्या आठवणीत परत मी आले. या वेळी पडदाभर, सावकाश, आणि प्रत्येक शब्द घुमवून. चिवडा दिवाळीचा, दिवाळीचा, दिवाळीचा. वेगळं बिऱ्हाड, बिऱ्हाड, बिऱ्हाड. वर नवरा माझ्यामुळे रडत होता, खाली मी रडत होते, आणि टाकायला हातात डबा नव्हता. पुढच्या रांगेतली सगळी मराठी डोकी एकेक करून मागे वळली. सिनेमा संपल्यावर विहीणबाईंनी यांना शाल पांघरवली, नमस्कार केला आणि गाडीत बसून गेल्या.

दोन दिवस भिलाईचा फोन नाही. राधिका जेवली नाही, चारुदत्तही तिचा फोन उचलेना. हे खिडकीतून क्षितिजाकडे बघत होते, पण या वेळी ते नाटक नव्हतं. मला खरंच फार वाईट वाटलं, ताई. चहाला आलेल्यांपुढे मी हसत होते, पण पोरीचं ठरलेलं लग्न माझ्या जिभेने मोडलं हा विचार डोक्यातून जात नव्हता. तिसऱ्या दिवशी विहीणबाई स्वतः दारात उभ्या राहिल्या. मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी खांद्याला धरून खाली बसवलं.

"विहीणबाई, चिवडा दिवाळीचा काहून राहीन? संक्रांतीचा होता." एवढं म्हणून त्या पाणी प्यायल्या. "आन् वेगळं बिऱ्हाड तुमी करून द्याच. त्या पोट्ट्याचे डबे करू करू माहे हात गेले. मी केव्हाची वाट पाहून राहिली, पण माह्या तोंडून निघालं असतं, तं लोक म्हणले असते, माय आहे का कोण आहे. तुमी टॉकीजात बोलल्या, माहं काम झालं."

मग दोघी मिळून रडलो आणि मग बराच वेळ हसलो. साखरपुडा अक्षय्य तृतीयेनंतरच्या रविवारी. तू आणि भाऊजी चार दिवस आधी या. भाऊजींना नमस्कार.

तुझी,
रमा

ता. क. सिनेमा पुढच्या शुक्रवारी तुमच्या नागपूरलाही लागतो आहे. तू जाऊ नकोस. आवाज फार मोठा असतो, तुला सोसायचा नाही.

ता. क. २. हे म्हणतात, तू तिकीट काढलंससुद्धा. तेव्हा आधीच सांगते. चकल्यांचा डबा सांडला त्या वेळी मी तुझ्याबद्दलही दोन शब्द बोलत होते. मी अंजनाबाईला एवढंच म्हटलं, की ताईने तिच्या अनुश्रीसाठी नाकारलेलं स्थळ आमच्या गळ्यात बांधलं. विहीणबाईंनी डब्याच्या आवाजातही ते बरोबर ऐकलं. त्या म्हणाल्या, तुमच्या ताईने नाही नाकारलं, आम्हीच नाकारलं होतं. मी हे कुणाजवळ बोलणार नाही, तुला माझा स्वभाव ठाऊक आहे.

ता. क. ३. राकेशने पुढच्या सिनेमात आम्हा दोघी विहिणींना तळ्यावर बसवायचं ठरवलं आहे. पण आता आमच्याजवळ एकमेकींबद्दल बोलायला काही उरलेलं नाही. म्हणून म्हणते, तू जरा लवकरच ये.