मागच्या प्लॉटातली चौदा रुईची झाडं

७ सप्टेंबर २०२५, रविवार. सकाळी ७.
आजपासून डायरी. एकतीस वर्षं कृषी सहायक म्हणून दौऱ्याच्या डायऱ्या लिहिल्या, त्या साहेबांसाठी. ही फक्त माझ्यासाठी, म्हणून इथे खरं लिहायचं.

ज्योत्स्नाचा काल फोन. अमरावतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे बापालाही शिकवते. म्हणाली, बाबा, आपल्या घरामागच्या प्लॉटात रुई आहे, आघाडा आहे, तरोटा आहे. अकोल्यात आपल्या भागात आता सगळीकडे पेव्हर ब्लॉक झाले. रुईवर केशरी फुलपाखरू अंडी घालतं, ते दुसरीकडे जाईल कुठं? २८ तारखेला ती विद्यार्थी घेऊन मोजणीला येणार. जागा पसंत पडली तर पाच वर्षं, दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी मोजणी.

म्हणजे ती दर महिन्याला घरी येईल. सध्या चौदा एप्रिलला येते आणि डिसेंबरच्या सुट्टीत. अर्थात माझा उद्देश निव्वळ निसर्गसंवर्धन.

मला काम एकच दिलंय. काही करायचं नाही. औषध तर अजिबात मारायचं नाही. शब्द दिला.

९ सप्टेंबर
काही न करण्याचं नियोजन तयार. पाच टप्पे.

टप्पा एक, आज पूर्ण. रुईच्या चौदा झाडांना ऑइल पेंटनं नंबर दिले. आघाडा नंबरांच्या आड येत होता, तो उपटला. तरोटाही थोडा. ज्योत्स्नाची आई इंदू म्हणाली, तुमाले सांगतलं काय अन् करून काय राह्यले. तिला शास्त्रीय काम कळत नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार
सकाळी सहाला शेजारच्या जयवंताबाई पिशवी घेऊन प्लॉटात. शनिवार, मारुतीला रुईच्या पानांची माळ. मी म्हटलं, आता पानं तोडता येणार नाहीत, हा अभ्यासाचा प्लॉट आहे. त्या म्हणाल्या, भाऊ, वीस वर्सं तोडून राह्यली मी, तवा रुई मरली काय? आता काहून आडवे येता?

मुद्दा बिनतोड होता. तडजोड केली: पानं मी तपासून देणार. नंबर तीनची एकवीस कोवळी, स्वच्छ पानं निवडून दिली. त्या खूश.

दुपारी चष्मा सापडला. नंबर तीनवर उरलेल्या कोवळ्या पानांच्या खाली पांढरे बारीक ठिपके. अंडी. सकाळी चष्मा नव्हता. पुढच्या शनिवारपासून चष्मा लावून तपासणी.

१८ सप्टेंबर
अळ्या आल्या! काळे-पांढरे-पिवळे पट्टे. ज्योत्स्नाला फोटो पाठवला. तिनं हृदय पाठवलं. मला तिच्याकडून असं चिन्ह पहिल्यांदाच आलं. फोटो तीनदा उघडून पाहिला.

२१ सप्टेंबर, रविवार
नंबर सात पूर्ण बोडका. नंबर अकराच्या नुसत्या शिरा उरल्या. मोजल्या: ६३ अळ्या. झाडामागे साडेचार. कापसावर असत्या तर आर्थिक नुकसानीची पातळी केव्हाच ओलांडली म्हटलं असतं.

हा कापूस नाही, हे मला माहीत आहे. तरी रात्री नीट झोप लागली नाही. पाहुणे येतील तेव्हा प्लॉट असा दिसणार? बापानं लक्ष दिलं नाही, असंच तिला वाटेल.

२२ सप्टेंबर
शांतपणे विचार केला. अळी, मग कोष, मग फुलपाखरू. किमान दोन आठवडे. मोजणी सहा दिवसांवर. म्हणजे या ६३ जणांचा मोजणीला उपयोग शून्य. उलट येणाऱ्या फुलपाखरांसाठी हे एकही पान ठेवणार नाहीत. अळ्या हाच फुलपाखरांना अडथळा आहे.

औषध मारणार नाही. शब्द म्हणजे शब्द. पण निंबोळी अर्क हे औषध नाही. कडुलिंबाचं झाड देशी, रुई देशी, मीही देशी. अर्धा किलो निंबोळी कुटून दहा लिटर पाण्यात भिजत घातली.

२३ सप्टेंबर, सायंकाळी
फडक्यातून गाळून, साबणाचा चुरा घालून, चौदाही झाडांवर फवारणी. पानाची खालची बाजू विसरलो नाही. हात अजून बसलेला आहे. इंदू दारात उभी होती. म्हणाली, पोरीले काय सांगसान? म्हटलं, सांगण्यासारखं काही केलंच नाही.

२७ सप्टेंबर
अळ्या शून्य. झाडं टवटवीत. जयवंताबाईंना आज पानं चष्मा लावून दिली, एकाही पानावर काही नाही. फुलपाखरंही दिसत नाहीत, ती बहुधा वाऱ्यामुळे.

२८ सप्टेंबर, रविवार
नऊ विद्यार्थी. नीलम नावाची मुलगी तक्ता भरत होती. दोन तास. एक फुलपाखरू आलं, नंबर सातभोवती फिरलं, निघून गेलं. टेकलं नाही, म्हणून नीलमनं कंसात लिहिलं.

ज्योत्स्नानं एक पान उलटं केलं आणि नाकाशी नेलं. तो वास तिला ओळखायला वेळ लागत नाही. ती लहान असताना माझ्या प्रत्येक शर्टाला येत असे. माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. मुलांना म्हणाली, चला, चहा घ्या.

स्वयंपाकघरात इंदूला म्हणत होती, आई, या बाजूले एवढी एकच जागा उरली होती. मी साखर घ्यायला गेलो होतो, म्हणून ऐकू आलं. साखर न घेताच परत आलो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

५ ऑक्टोबर
फोन इंदूला आला. बार्शीटाकळीजवळची जागा निवडली, देवीदास नावाच्या शेतकऱ्याचा धुरा, म्हणजे शेताचा बांध. हा देवीदास मला पुरता माहीत आहे. धुरा साफ कर म्हणून पाच वर्षं त्याच्या मागे लागलो, पण त्यानं कधी विळा लावला नाही. अशा आळशी माणसाची निवड म्हणजे पद्धतच चुकली.

एक मात्र बरं झालं. दिवाळीच्या सुट्टीनंतर, नोव्हेंबरपासून मोजणी. अमरावतीहून बार्शीटाकळीला जायचं तर वाटेत अकोला. म्हणजे ती दर महिन्याला येणारच.

३० नोव्हेंबर, रविवार
सकाळी ६. दोन लिटर दूध आणलं. खुर्च्या अंगणात मांडल्या.

सकाळी ११. जाताना घाई असते. येताना थांबतील.

सायंकाळी ७. इंदूच्या मोबाइलवर फोटो आला. धुऱ्यावर सगळे, देवीदास मधोमध, ज्योत्स्नाच्या तळहातावर पट्ट्यांची अळी. ती हसते आहे. खाली लिहिलंय, अमरावतीले पोचलो.

इंदूनं विचारलं, इतकं दूध काहून आणलं? म्हटलं, दही लावायचं होतं. तिनं विरजण काढलं.