गच्चीचं कुलूप

शनिवार, संध्याकाळ. वाघोली.

हातांना अजून धुराचा वास येतोय. दुपारी आमच्या इमारतीत मीटरच्या खोलीला आग लागली. जिन्यात धूर भरला, म्हणून सातव्या मजल्यावरचे शेखसाहेब आणि वहिनी गच्चीकडे पळाले. गच्चीला कुलूप. किल्ली माझ्या खिशात, आणि मी मांजरी गावात गेलेलो, सोसायटीच्या पंपाचा सुटा भाग आणायला.

सेक्रेटरी म्हणून नियम माझाच: वहीत सही केल्याशिवाय किल्ली मिळणार नाही. पंप, लिफ्ट, वायरिंग, सगळं मी पुस्तकं वाचून शिकलो, कुणाच्या हाताखाली नाही. आगीचंही वाचलं होतं. 'गच्चीचं दार कधीही बंद करू नये.' त्याखाली रेघसुद्धा मारली होती. मग? वर सिगारेटची थोटकं सापडली म्हणून कुलूप घातलं. सात लिव्हरचं, स्वतः पारखून आणलेलं.

वॉचमन पवारमामा मागच्याच महिन्यात म्हणाले होते, "गायकवाडसाहेब, एक किल्ली माझ्यापाशी राहू द्या की."

"मामा, तुमच्यापाशी छत्री राहत नाही, किल्ली काय राहणार?"

कमिटीतले सगळे हसले. मीही.

आज मामांनीच पहारीने कोयंडा उखडला. कुलूप शाबूत आहे. तेवढं मी नीट पाहून घेतलं, काय म्हणावं मला!

शेखसाहेब व्हेंटिलेटरवर आहेत. वहिनी हॉस्पिटलात आयसीयूबाहेर बाकावर होत्या. ओरडतील, असं वाटलं होतं. निदान ओरडायला हवं होतं.

"भाऊ, हे सारखं म्हणत होते, घाबरू नको, गायकवाड शिस्तीचा माणूस आहे, तो येणारच. म्हणून आम्ही दारापाशीच बसून राहिलो."